एक धनी, एक कुत्रा

कुत्र्याच्या जातीचा इतिहास सांगायचा म्हटले की आपण बहुधा रक्ताविषयी बोलू लागतो. अमक्याची आई कोण, तमक्याचा बाप कोठला, याच्या वंशावळी लिहिल्या जातात. जमीन कोणाच्या मालकीची होती, तिच्यावरून बंदूक घेऊन चालण्याचा अधिकार कोणाला होता आणि तो अधिकार एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे गेला तेव्हा काय घडले, हे प्रश्न त्या वंशावळींत सहसा येत नाहीत. जर्मनीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी घडवल्या गेलेल्या काही शिकारी जातींच्या बाबतीत मात्र हे प्रश्न टाळून पुढे जाताच येत नाही. आखूड केसांचा कुर्त्सहार, तारेसारख्या राठ केसांचा द्राटहार, पूडलपॉइंटर, राखी रंगाचा वायमारानर, लहान आणि मोठा म्युन्स्टरलेंडर ही त्यांपैकी काहींची नावे. या सर्वांना मिळून तिकडे ‘गेब्राउख्सहुंड’ म्हणतात. शब्दशः पाहता त्याचा अर्थ ‘उपयोगाचा कुत्रा’ एवढाच होतो. पण शिकाऱ्यांच्या बोलीत तो अधिक नेमका आहे. शेत, पाणी आणि रान या तिन्ही ठिकाणी, बार होण्यापूर्वी आणि बार झाल्यानंतर, सर्व कामे एकट्याने करणारा कुत्रा, असा तो अर्थ.

ही सर्व कामे कोणती, हे आधी नीट पाहिले पाहिजे. शरद ऋतूतील सकाळी बीटाच्या शेतात हा कुत्रा वाऱ्याकडे नाक करून डावी-उजवीकडे धाव घेत तित्तर हुडकतो. वास लागला की जागच्या जागी थिजतो, बहुधा पुढचा एक पाय उचललेला असतो, आणि धनी जवळ येईपर्यंत हलत नाही. पक्षी उडतो, बार होतो, पक्षी पडतो. तेव्हा त्याला दाताचा व्रण न लावता तो उचलून आणतो. दुपारी तळ्याकाठच्या लव्हाळ्यांत शिरून थंड पाण्यातून बदक काढतो. संध्याकाळी रानाच्या कडेला एखादे हरिण जखमी होऊन अंधारात निघून गेले, तर दुसऱ्या सकाळी लांब दोरीला बांधलेला हाच कुत्रा नाक जमिनीला लावून, वाळलेल्या रक्ताच्या थेंबांवरून, धन्याला त्या हरणापर्यंत नेतो. ही कामे एकमेकांशी भांडणारी आहेत. तित्तराच्या शोधात डोके वर आणि पायांत वेग हवा. रक्ताच्या मागावर डोके खाली आणि चाल संथ हवी. पक्ष्यासमोर स्तब्ध राहणाऱ्याने जखमी खोकडाला मात्र न कचरता धरले पाहिजे. इतके परस्परविरुद्ध गुण एकाच कातड्यात बसवण्याचा हट्ट कोणी धरला, आणि का?

उत्तरासाठी आपल्याला १८४८ च्या अलीकडच्या आणि पलीकडच्या जर्मनीची तुलना करावी लागते. जुन्या व्यवस्थेत शिकार हा जमिनीशी निगडित अधिकार नव्हता. तो राजाचा, सरदारांचा अधिकार होता, आणि तो दुसऱ्याच्या शेतावरही चालत असे. शिकारीचेही वर्ण होते. मोठी हरणे, रानडुकरे ही ‘उच्च’ शिकार. ससे, तित्तर ही ‘नीच’ शिकार. दरबाराच्या पदरी प्रत्येक कामासाठी निराळा कुत्रा आणि त्या कुत्र्यासाठी निराळा माणूस असे. मोठ्या हरणाचा ताजा माग दाखवणारा वेगळा, पाठलाग करणाऱ्या झुंडी वेगळ्या, डुकराला धरून ठेवणारे दांडगे कुत्रे वेगळे, पक्ष्यांचे वेगळे. श्रमविभागणी ही अशा ठिकाणी वैभवाची खूण असते.

आपल्याकडेही हे चित्र अपरिचित नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या विनोदांची गणना आहे, आणि तीत मृगयेबरोबर सारमेयविनोदाला, म्हणजे कुत्र्यांच्या विनोदाला, स्वतंत्र स्थान आहे. ज्याच्या पदरी माणसे पुष्कळ, त्याला सर्वगुणसंपन्न कुत्रा लागत नाही.

या वैभवाची किंमत शेतकरी देत होता. सरदाराचे हरीण त्याचे पीक खाई, त्याला ते मारता येत नसे. हाक्याला त्यालाच वेठीने जावे लागे. धन्याचे शिकारी कुत्रे सांभाळण्याचा आणि त्यांना खाऊ घालण्याचा भारही अनेक ठिकाणी गावावर पडे. त्याच्या स्वतःच्या कुत्र्याने सावजामागे धावू नये म्हणून त्याच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवण्याची सक्ती पुष्कळ प्रदेशांत होती. ओंडका पायांत येई आणि धावणे खुंटे. कोणत्या कुत्र्याने धावावे आणि कोणत्याने लोढणे वागवावे, हे त्याच्या जातीवर ठरत नव्हते. धन्याच्या जातीवर ठरत होते.

१८४८ च्या क्रांतीने राजे पदच्युत झाले नाहीत. त्या क्रांतीच्या बहुतेक आशा दोन वर्षांत मावळल्या. पण तिच्या पहिल्या तडाख्यात जे मोडले त्यांत शिकारीचा हा विशेषाधिकार होता. प्रशियात ३१ ऑक्टोबर १८४८ च्या कायद्याने परक्या जमिनीवरील शिकारीचा हक्क भरपाई न देता रद्द झाला आणि तो जमिनीच्या मालकाकडे आला. फ्रँकफुर्टच्या राष्ट्रीय सभेने त्याच वर्षाच्या डिसेंबरात जाहीर केलेल्या मूलभूत हक्कांतही हेच तत्त्व होते. त्यानंतरच्या काळात मुक्त हाताने बंदुका चालल्या आणि पुष्कळ ठिकाणची राने रिकामी होऊ लागली. तेव्हा ७ मार्च १८५० च्या प्रशियन कायद्याने मर्यादा घातली. हक्क मालकाचाच राहिला, पण स्वतः शिकार करण्यासाठी सलग ३०० मॉर्गेन, म्हणजे सुमारे ७५ हेक्टर, जमीन असणे आवश्यक ठरले. त्याहून लहान तुकडे एकत्र करून गावाचे शिकारक्षेत्र बनवायचे, आणि ते बहुधा खंडाने द्यायचे.

हा खंडाने घेणारा मनुष्य नव्या काळाचा नायक आहे. तो तालुक्याच्या गावचा डॉक्टर असेल, वकील असेल, गिरणीमालक किंवा खाणावळवाला असेल. त्याच्या जोडीला सरकारी वनरक्षक आहे, ज्याचा पगार बेताचा आणि रान अफाट. यांच्यापाशी झुंडी नाहीत, कुत्रे सांभाळणारे नोकर नाहीत. भाड्याने घेतलेल्या त्या तुकड्यात मात्र तित्तर, ससे, तळ्यातली बदके, रानाच्या कडेची हरणे हे सारेच आहे. घरात जागा एकाच कुत्र्याची आहे. एक धनी, एक कुत्रा: ‘गेब्राउख्सहुंडा’चे सारे तत्त्वज्ञान या अंकगणितातून निघाले. प्रजननाची विद्या आणि गुणांची यादी मागाहून आली.

या संधिकाळाचा एक साक्षीदार साहित्याच्या अभ्यासकाला चांगला परिचित आहे. इव्हान तुर्गेनेव्ह १८६३ पासून काही वर्षे बाडेन-बाडेन येथे राहत होता. ‘शिकाऱ्याच्या टिपणां’नी कीर्ती मिळवलेला हा रशियन लेखक तिथेही बंदूक घेऊन हिंडत असे. त्याच्या त्या काळातील कुत्र्याचे नाव पेगाझ. १८७१ मध्ये तुर्गेनेव्हने त्याच्यावर एक छोटा लेख लिहिला. पेगाझ कोणत्याही मान्य जातीचा नव्हता; इंग्लिश सेटर आणि जर्मन मेंढपाळी कुत्रा यांचा तो संकर होता. त्याची ख्याती पसरली ती देखणेपणामुळे नव्हे, तर जखमी होऊन नाहीसे झालेले सावज शोधून काढण्याच्या त्याच्या विलक्षण हातोटीमुळे. ज्यांनी आधी या कुत्र्याकडे संशयाने पाहिले, तेच पुढे त्याला मानू लागले. कोणतेही मंडळ स्थापन होण्यापूर्वी, कोणतीही परीक्षा ठरण्यापूर्वी, गरज काय होती हे या लेखावरून कळते. गरज होती बार झाल्यानंतरच्या कुत्र्याची.

याच सुमारास जर्मन शिकाऱ्यांच्या डोळ्यांत इंग्लंड भरले होते. तिथले पॉइंटर आणि सेटर वेगाने, ऐटीने धावत आणि दुरून पक्षी दाखवत. त्यांचे काम मात्र तिथेच संपे. पडलेला पक्षी आणण्यासाठी निराळा कुत्रा असे, कारण इंग्लंडात मोठ्या जमीनदारीच्या आधारावरच ही विद्या उभी होती. त्यात प्रदर्शनांची भर पडली. १८६३ मध्ये हाम्बुर्गला जर्मनीतील पहिले श्वानप्रदर्शन भरले. कुत्र्याचे मूल्य आता रिंगणात, कानाच्या लांबीवर आणि अंगावरच्या ठिपक्यांवर ठरू लागले.

या दोन्ही प्रवाहांविरुद्ध ज्याने लेखणी उचलली त्याचे नाव जिगिसमुंट फोन झेडलिट्स-नॉयकिर्ख. ‘हेगेवाल्ट’ या टोपणनावाने तो शिकारविषयक नियतकालिकांत लिहीत असे. जन्माने तो सरदार घराण्यातला होता, पण त्याने कैवार घेतला तो एका कुत्र्याच्या शिकाऱ्याचा. कुत्र्याचे रूप कामातून ठरावे, काम रूपावरून ठरू नये, हा त्याचा आग्रह. १८८१ च्या सुमारास पूडल आणि पॉइंटर यांचा संकर करून घडवलेल्या पूडलपॉइंटरच्या मागे त्याचीच प्रेरणा होती. आज पूडल म्हटले की केस कातरलेला, पलंगावर लोळणारा कुत्रा डोळ्यांपुढे येतो; पण मुळात तो पाण्यातला शिकारी, शिकवलेले चटकन उचलणारा आणि वस्तू आणून देण्याची ओढ असलेला. पॉइंटरचे नाक आणि पूडलचे डोके एकत्र यावे, हा हिशेब होता. त्याच काळात एदुआर्द कोर्ताल्स हा डच गृहस्थ ऱ्हाईनकाठच्या बीबेसहाइम येथे, आल्ब्रेख्त झोल्म्स-ब्राउनफेल्स या राजपुत्राच्या आश्रयाने, राठ केसांचा ग्रिफन काटेकोर निवडीने घडवत होता.

मग मंडळे उभी राहिली. आखूड केसांच्या कुर्त्सहारचे मंडळ १८९१ मध्ये बर्लिनला निघाले. १८९२ मध्ये बहुगुणी कुत्र्यांची पहिली परीक्षा झाली आणि १८९९ मध्ये अशा परीक्षा घेणाऱ्या संस्थांचा महासंघ स्थापन झाला. तो आजही कार्यरत आहे. १९०२ मध्ये द्राटहारचे मंडळ निघाले. या मंडळाचे धोरण शुद्ध रक्ताच्या त्या युगात धाडसाचे होते. पूडलपॉइंटर, ग्रिफन, कुर्त्सहार, जिथे चांगला गुण दिसेल तिथून तो घ्यावा, आणि कसोटीला उतरेल त्यालाच पुढे वंश चालवू द्यावा. रूप आपोआप मागून येईल, असा त्यांचा विश्वास होता. ‘संकर’ हा शब्द शिवीसारखा वापरला जाण्याच्या काळात काही शिकाऱ्यांनी तो असा निःसंकोचपणे स्वीकारावा, याची नोंद इतिहासाने घेतली पाहिजे.

उलट उदाहरणही याच प्रदेशातले आहे. लांब केसांच्या जर्मन कुत्र्यांच्या मंडळाने तपकिरी रंग हाच खरा ठरवून काळ्या-पांढऱ्या पिल्लांना बाद केले. म्युन्स्टरच्या परिसरातील शेतकऱ्यांना रंगाशी कर्तव्य नव्हते. बाद झालेली पिल्ले त्यांनी पाळली आणि कामाला लावली. १९१९ मध्ये त्यांचे वेगळे मंडळ झाले आणि मोठा म्युन्स्टरलेंडर ही स्वतंत्र जात म्हणून उभी राहिली. ज्याला एका वहीतून खोडले, त्याच्यासाठी दुसरी वही उघडावी लागली.

परीक्षेच्या स्वरूपाकडे थोडे बारकाईने पाहिले तर तिच्यात दडलेली एक नैतिक कल्पना दिसते. शरदातली मुख्य परीक्षा दोन दिवस चालते. शेत, पाणी, रान आणि आज्ञापालन अशी तिची अंगे आहेत. रक्ताचा एक कृत्रिम माग रानात घातला जातो, तो किमान ४०० मीटर लांबीचा असतो, आणि रात्र उलटून गेल्यावर कुत्र्याला त्याच्यावर सोडतात. याखेरीज एक कसोटी अशी आहे की मेलेले खोकड रानात आधीच ठेवून दिलेले असते. कुत्र्याला त्या दिशेने मोकळे सोडतात. ‘आण’ अशी आज्ञा त्याला मिळालेली नसते, आणि त्या खोकडापाशी पोचेल तेव्हा धनी त्याला दिसत नसतो. खोकडाचा वास कुत्र्याला आवडत नाही. ते जड असते. ते टाकून तो सहज पुढे जाऊ शकतो. तरीही तो ते उचलून आणतो की नाही, हे पाहायचे असते.

आज्ञापालनाची परीक्षा सगळेच घेतात. कोणी पाहत नसताना कुत्रा काय करतो, याची परीक्षा घेणे ही वेगळी गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कुत्र्यांना शिकवण्याच्या पद्धती अनेकदा निर्दय होत्या. काटेरी पट्टा आणि सक्ती यांवर भिस्त ठेवणारी पुस्तके त्या काळी मोठ्या प्रमाणावर वाचली गेली. पण सक्तीची धाव धन्याच्या नजरेपुरतीच असते. जखमी ससा दोन शेतांपलीकडे, कुंपणाआड गेला की दोरी, पट्टा, शिट्टी यांपैकी काहीच पोचत नाही. तिथे उपयोगी पडतो तो दोघांनी एका घरात, एका चुलीपाशी काढलेला काळ. झुंडीतला कुत्रा कोंडवाड्यात राहू शकतो. एकट्या धन्याचा एकटा कुत्रा त्याच्या पायांशी झोपतो, त्याची चाल, त्याचा उसासा ओळखतो. शिकारीच्या गरजेने हा कुत्रा घरात आला आणि घरातल्या सहवासाने तो शिकारीत भरवशाचा झाला.

घर आणि शिकार यांतला हा ताण टोमास मानने वेगळ्या अंगाने टिपला आहे. १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘धनी आणि कुत्रा’ या त्याच्या दीर्घ कथनातील बाउशान हा आखूड केसांच्या जर्मन शिकारी कुत्र्याच्या वळणाचा, पण पुरता शुद्ध नसलेला कुत्रा. त्याचा धनी लेखक आहे. म्युनिकमध्ये इझार नदीच्या काठी तो त्याला फिरायला नेतो, बाउशान सशांमागे धावतो, उंदरांसाठी माती उकरतो. पण धन्याच्या हातात छडी असते, बंदूक नसते. एकदा नदीकाठी दुसराच कोणी मनुष्य बंदुकीने बदक पाडतो. ते पाहून कुत्रा बेभान होतो, आणि त्यानंतर आपला धनी आपल्याला जे देऊ शकत नाही ते त्याला उमगले आहे, असे त्या धन्याला वाटू लागते. कित्येक पिढ्यांनी ज्या कामासाठी त्याला घडवले, ते काम करणारा धनी त्याच्या वाट्याला आलेला नाही. विनोदाच्या अंगाने सांगितलेल्या या प्रसंगात एका वर्गाचे आणि एका जातीचे पुढचे सारे भवितव्य आले आहे.

पण या इतिहासाचा सर्वांत काळा भाग शिकारीच्या रानात घडला नाही. १८४८ ने ज्यांना नागरिक म्हणून उभे केले त्यांत जर्मनीतील ज्यूही होते. धर्मावरून नागरिकत्वात भेद नसावा, हे त्याच मूलभूत हक्कांत लिहिलेले होते. नाझी राजवटीने २४ नोव्हेंबर १९३३ रोजी प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा केला आणि ३ जुलै १९३४ रोजी साऱ्या देशासाठी एक शिकारकायदा केला. दोन्ही कायद्यांत सावजाला, जनावराला उगाच यातना होऊ नयेत अशी भाषा आढळते. त्याच राजवटीने नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंना शस्त्र बाळगण्यास बंदी केली, आणि मे १९४२ मध्ये त्यांना कुत्रा, मांजर, पक्षी असा कोणताही पाळीव प्राणी ठेवण्यास मनाई केली. ड्रेस्डेनचे भाषापंडित व्हिक्टर क्लेम्पेरर यांनी आपल्या रोजनिशीत या हुकुमाची नोंद केली आहे. घरातला म्यूशेल हा बोका त्यांना पशुवैद्याकडे नेऊन मारावा लागला. शंभर वर्षांपूर्वी शेतकऱ्याच्या कुत्र्याच्या गळ्यात ओंडका बांधणाऱ्या कायद्याला निदान कुत्रा कोणाचा हे मान्य होते. इथे ते नातेच गुन्हा ठरले. माणसाला माणूस मानायचे नाही असे ठरले की त्याच्या पायांशी झोपणारे जनावरही त्याचे राहत नाही.

युद्धानंतर १९५२ मध्ये पश्चिम जर्मनीने नवा संघीय शिकारकायदा केला. सावजाच्या टाळता येण्याजोग्या वेदना टाळणे हे त्यात आज शिकाऱ्याचे कर्तव्य म्हणून नोंदलेले आहे, आणि जखमी जनावराचा शोध घेणारा तयार कुत्रा हे त्या कर्तव्याचे साधन आहे. कुत्र्यांनी मध्यंतरी समुद्रही ओलांडला होता. १९२५ मध्ये चार्ल्स थॉर्नटन या डॉक्टरांनी कुर्त्सहार जातीची कुत्री अमेरिकेतील मोंटाना राज्यात मिझूला येथे आणली. १९६९ मध्ये उत्तर अमेरिकेत बहुगुणी शिकारी कुत्र्यांची स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि जर्मन धर्तीच्या कसोट्या तिथे रूढ झाल्या. इतरत्र मात्र या जातींचे असंख्य कुत्रे बाउशानचेच आयुष्य जगत आहेत: देखणे, बुद्धिमान आणि बेकार.

भारतीय वाचक हा इतिहास एका वेगळ्या किनाऱ्यावरून वाचतो. १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) कायदा आणि त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनी आपल्याकडे हौशी शिकारीचे दार बंद केले, आणि ते योग्यच झाले, असे मला वाटते. पण दार बंद असले तरी पलीकडे काय होते ते जाणून घेण्याची गरज संपत नाही. या कथेत मला महत्त्वाची वाटते ती बार होण्यापूर्वीची ऐट नव्हे. एका विशिष्ट काळी, विशिष्ट कायद्यामुळे, साध्या मिळकतीच्या काही माणसांच्या हाती बंदूक आली, आणि तिच्याबरोबर एक प्रश्न आला: मी जे जखमी केले ते दृष्टीआड गेले, तर माझी जबाबदारी संपली काय? त्यांतल्या काहींनी ती संपत नाही असे ठरवले. त्या उत्तराला त्यांनी चार पाय दिले, नाक दिले, आणि रात्र उलटून गेल्यावर पुन्हा रानात नेले.